आधी शेपूट, शेवटी रंग

घोटावड्यातली ती खोली मी भाड्याने घेतली, तेव्हा घरमालकांनी पहिले आठ दिवस मला त्यांच्या घरात पाऊल टाकू दिलं नाही.

खोली वरच्या मजल्यावर होती. तिला दोन जिने होते, एक घरातून आणि एक बाहेरून, लोखंडी. चावी हातात देताना काका म्हणाले, "आठ दिस भायेरनं ये-जा कर. मंग बगू." एवढं बोलून ते आत गेले. काकू रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांमधून चहाचा कप बाहेर द्यायच्या आणि संध्याकाळी रिकामा कप तिथूनच परत घ्यायच्या. काका ओसरीत बसून मला जाताना-येताना बघायचे. ऑफिसची कॅब मला हिंजवडीला घेऊन जायची आणि संध्याकाळी परत आणून सोडायची. दोन्ही वेळा ते मान हलवायचे, मीही हलवायचे. दुसरी खोली शोधावी का, असं एकदा मनात आलं होतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी ते जिन्याखाली येऊन उभे राहिले. "चल. आता तुला सोडायला हरकत न्हाई."

आत गेले तर हॉलची एक अख्खी भिंत पाण्याची होती. खाऱ्या पाण्याची टाकी, माझ्या खांद्याएवढी उंच, आत दगड, आणि दगडांमधून बोटाएवढे लाल, पिवळे, जांभळे मासे इकडून तिकडे चाललेले. एका कोपऱ्यात भोकं पाडलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा पाण्यात टांगला होता. त्यात एकच मासा होता.

"ह्यो बी तुज्याबरुबरचाच," काका म्हणाले. "त्याचा बी आज आटवा झाला."

नवा मासा एकदम टाकीत सोडला तर जुने त्याला फाडून खातात, म्हणून ही पद्धत. डब्यातल्याला सगळे दिसतात, सगळ्यांना तो दिसतो. पहिले दोन दिवस जुने मासे येऊन पर फुलवतात, डब्याला धडका देतात. मग कंटाळतात. काकांच्या शब्दांत, "शिव्या दिऊन दिऊन दमलं, की शेजारी म्हनून बसत्यात." आणि जे माशांना लागू, ते भाडेकरूंना का नाही, असा त्यांचा साधा हिशोब होता.

माझ्या ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी वीस जणांसमोर उभं करून स्वतःबद्दल काहीतरी मजेदार सांगायला लावतात. मी तेव्हा काय सांगितलं ते मला आठवत नाही, फक्त तळहात ओले झाले होते ते आठवतं. त्यामुळे काकांचा डबा मला आजवरचं सगळ्यात सभ्य स्वागत वाटलं. हे मी त्यांना सांगितलं मात्र नाही. मी फारसं काहीच कुणाला सांगत नसे.

त्या माशांना इंग्रजीत फेअरी रॅस म्हणतात. काकांनी त्याचं सरळ 'पऱ्या' केलं होतं. नर असला तरी परीच. पिरंगुटच्या बाजूच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं गाड्यांच्या भागांचं रंगकाम तपासलं होतं. तिथल्या ऑफिसात दारातच समुद्राच्या माशांची टाकी होती. ऑफिस नव्याने सजवायचं ठरलं तेव्हा टाकी भंगारात निघाली, आणि काका ती टेम्पोत घालून घरी घेऊन आले, आतल्या दोन माशांसकट. स्वतः समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, कारखान्याच्या सहलीत, आणि तो त्यांना आवडला नव्हता. "लई हलतो," म्हणाले.

रंगकाम तपासलेला माणूस म्हणून मला वाटलं होतं, मासे ते रंगावरून ओळखत असतील. मी आत यायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर फोटो शोधून एका माशाचं लॅटिन नाव त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी फोटो जवळ धरून पाहिला आणि मोबाइल परत दिला.

"रंगावर जाऊ नगं. रंग भरोशाचा न्हाई. घाबरला की उतरतो, भांडला की चढतो, निळ्या बल्बात येगळा, पिवळ्यात येगळा. आदी शेपूट बग. मंग पाठीवरचा पर. मंग पोटाखालचे पर. आन सगळ्यात शेवटी रंग. तीस वर्सं रंगच बगितला, म्हनून सांगतोय."

त्यांच्याकडे एक शाळेची वही होती. तिच्यात पेन्सिलीने नुसत्या शेपट्या काढलेल्या होत्या: गोल, सरळ कापल्यासारखी, चंद्रकोरीची, मधला काटा भाल्यासारखा बाहेर आलेली. नावं त्यांनी स्वतःच ठेवली होती. पोपट, हळद्या, जांभळ्या. आणि सगळ्यात जुना, मधल्या काट्याच्या शेपटीचा, पाठीवर झेंड्यासारखा पर असलेला लाल नर. त्याचं नाव 'लग्नातला', कारण तो कायम नटूनथटून कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा दिसायचा. लग्नातला त्यांचा खास होता. काका टाकीसमोर बसले की तो समोर यायचा, आडवा होऊन पर फुलवायचा आणि क्षणभर असा काही पेटल्यासारखा लाल व्हायचा की मी श्वास घ्यायचं विसरायचे.

नर ओळखणं तसं सोपं. खरी परीक्षा माद्यांची. सगळ्या फिकट गुलाबी-नारिंगी, सगळ्यांच्या शेपटीच्या मुळाशी एक काळा ठिपका. त्यात या माशांची गंमत अशी की सगळे जन्माला मादीसारखेच येतात आणि त्यातले काही पुढे नर होतात. ठिपका विरत जातो, पर वाढायला लागतो. विकणाऱ्यालाही कळत नाही. एका जातीचे दोन नर टाकीत आले तर पुढे काय होईल सांगता येत नाही, म्हणून आलेला प्रत्येक मासा पिशवीतच पारखून घ्यायचा. काका पिशवी उजेडात धरून फिरवायचे आणि शेवटी म्हणायचे, "पास," किंवा "नापास." कारखान्यातला शिक्का त्यांनी तोंडात घालून घरी आणला होता. भाकरी पास. शेजाऱ्यांचा जावई नापास. माझं पुस्तकी मराठी, हाताचा पंजा दोन्हीकडे हलवून, "बगू."

घरात या माशांचे कायदे होते. अचानक उजेड झाला की पऱ्या दचकून पाण्याबाहेर उडी मारतात. म्हणून लाइट गेली की पहिलं काम घरातली सगळी बटणं बंद करायची. लाइट परत आली तरी कोपऱ्यातला छोटा दिवा आधी, पंधरा मिनिटांनी ट्यूब. तोवर पाहुणे अंधारात चहा पीत. टाकीवर मच्छरदाणीच्या जाळीचं झाकण होतं, काकांनी स्वतः चौकटीत ठोकलेलं, आणि ते नीट बसलंय का हे ते कडेने बोट फिरवून बघत. एकदा काकूंच्या दोघी बहिणी दिवाळीत यायच्या होत्या, तर काकांनी सुचवलं की माले गावच्या ताईला एक दिवस आधी बोलवा, दुसरीला मागनं. गरीब आधी सोडायचा, भांडखोर शेवटी, नाहीतर गरिबाला जागा मिळत नाही. काकूंनी लाटणं खाली ठेवून विचारलं, मग मला कितव्या नंबरला सोडलं होतं. काका म्हणाले, "तुजा डबाच न्हवता. चूक झाली."

काकू अंगणवाडीत होत्या, आणि निवृत्त झाल्यावरही सगळ्यांशी त्याच आवाजात बोलत. बुद्धाच्या छोट्या मूर्तीसमोर फूल ठेवतानाही त्यांचं तोंड चालू असे. टाकीला त्या 'समुद्र' म्हणायच्या. त्यांचं म्हणणं त्यांनी मला पहिल्याच महिन्यात, काकांसमोर सांगून टाकलं होतं. "मी ह्यातल्या एका माशाला हात लावनार न्हाई. ज्या दिशी ह्यांना सोताला न्हाई जमलं, त्या दिशी ह्यो समुद्र मोरीत." त्या हसत नव्हत्या, आणि काकाही हसले नाहीत.

संध्याकाळी कॅबमधून उतरून मी हातपाय धुऊन खाली आले की साडेसातला हजेरी असायची. काका बुटक्या स्टुलावर, मी त्यांच्या मागे उभी. सुरुवातीला ते सांगायचे आणि मी शोधायचे. हळूहळू ते उलट झालं. मी सांगायचे, "हळद्या एक, माद्या तीन. जांभळ्या एक, माद्या दोन," आणि ते म्हणायचे, "बरुबर." मला वाटलं, मी शिकले म्हणून.

मग एकदा मी चुकले. पोपटाच्या माद्या तीन सांगितल्या. काका म्हणाले, "बरुबर." आणि तेवढ्यात अगदी उजव्या कोपऱ्यातून, त्यांच्या कोपराजवळून, काच घासत दुसऱ्या जातीची म्हणून मी सोडून दिलेली चौथी निघाली. ती त्यांना दिसलीच नाही.

त्यानंतर मी बघायला लागले. मासे नाही, काकांना. पाण्याचा खारटपणा मोजायची एक छोटी दुर्बिणीसारखी नळी असते, खिडकीकडे धरून डोळा लावायचा आणि निळ्या-पांढऱ्याची रेघ कुठे आहे ते वाचायचं. ती ते मला वाचायला सांगायचे, चष्मा आत राहिला म्हणून. चष्मा त्यांच्या खिशात असायचा. दाराची चौकट त्यांच्या खांद्याला लागायची. कुणी बाजूने हाक मारली की घुबडासारखी अख्खी मान फिरवायचे. स्कूटर त्यांनी "पेट्रोल लई खाते" म्हणून शेडमध्ये लावून टाकली होती. आणि लग्नातल्यासमोर ते बसायचे तेव्हा बरोबर समोर, नाक काचेला लागेल इतके जवळ.

मी काही बोलले नाही. त्यांना मी काय सांगणार, हे एक. आणि दुसरं, या घराच्या भिंती पातळ होत्या. काकूंना कळलं की समुद्र मोरीत.

थंडीच्या दिवसांत लग्नातल्यासाठी एक मादी मागवली. त्याची जुनी मादी मेली होती, आणि मादी नसली की नराचा रंग कायमचा उतरतो असं काका म्हणायचे. लग्नातला खरंच फिकट पडला होता. पुण्याच्या दुकानदाराने पिशवी पाठवली. काकांनी ती खिडकीत धरली, फिरवली. काकू बाजूला तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी काकांच्या खांद्यामागे.

मासा फिकट गुलाबी होता. शेपटीच्या मुळाशी ठिपका होता, पण पाण्याने पुसलेल्या शाईसारखा. आणि पाठीवरच्या पराच्या पुढच्या टोकाला एक बारीक काटा, उरलेल्यांपेक्षा थोडा लांब. थोडासाच.

काकांनी बराच वेळ पिशवी फिरवली. मग म्हणाले, "मादी. पास."

मी तोंड उघडलं. काकूंनी सुपातून नजर वर केली. मी तोंड मिटलं.

आठ दिवस तो मासा डब्यात होता. लग्नातला दिवसभर डब्यासमोर. पर पसरून आडवा उभा राहायचा, पूर्वीसारखा पेटायचा. काकांना त्या लाल झगझगाटाचा अंदाज येत असणार, कारण ते खूश होते. काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, म्हातारा लाइन मारतोय. मला मात्र आठवत होतं की जुन्या मादीसमोर तो असा आडवा उभा राहत नसे. तिच्याभोवती तो गिरक्या घ्यायचा. असा आडवा तो फक्त पोपटासमोर उभा राहायचा, भांडायच्या आधी. ऑफिसला जाताना मी डब्याजवळ थांबायचे. आज सांगू, असं ठरवायचे. काका त्यांच्या स्टुलावर बसलेले असायचे. बाहेर कॅब हॉर्न वाजवायची आणि मी जायचे.

नवव्या दिवशी, गुरुवारी, काकांनी डबा उघडला.

शनिवारी सकाळी मी वर कपडे वाळत घालत होते, तेव्हा काकूंनी हाक मारली. नेहमीचा आवाज नव्हता. मी आतल्या जिन्याने खाली आले. टाकीच्या स्टँडशेजारी फरशीवर एक मासा पडला होता. पाण्यात दुसरा नर, आता उघड उघड नर, एकटाच फेऱ्या मारत होता. झाकणाची जाळी एका कडेला बोटभर सरकलेली होती. डबा काढताना ती नीट बसली नव्हती, आणि या वेळी काकांच्या बोटालाही ते कळलं नव्हतं.

काका आतून आले. "कोन हाय?"

"मला काय म्हाईत कोन," काकू म्हणाल्या. "लाल बी न्हाई, काय बी न्हाई. राखेगत झालाय."

काका खाली वाकले आणि हात पुढे केला. हात फरशीवर टेकला, माशापासून वीतभर डावीकडे. तिथून तो फरशी चाचपत उजवीकडे निघाला. कोरड्या फरशीवर हाताचा आवाज होत होता. तो हात माशापर्यंत पोचायला किती वेळ लागला असेल, दोन-तीन सेकंद. त्या वेळात काकूंनी आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली पाहिलं.

काकांनी मासा उचलला, डाव्या तळहातावर ठेवला आणि उजव्या हाताच्या बोटाने त्याची शेपूट चाचपली. मधला काटा सापडला. तो त्यांनी बोटाने सरळ केला.

"आपलाच हाय," ते म्हणाले.

 मग काकूंनी मला विचारलं, "तुला म्हाईत व्हतं?"

"हो," मी म्हटलं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांच्या कडांचं गेलं होतं, मधलं राहिलं होतं. गेलेलं परत येणार नव्हतं. राहिलेलं टिकवायला थेंब, रोज, आयुष्यभर. परत येताना रिक्षात काकांनी मला समजावून सांगितलं, जणू एखादी शेपूट शिकवावी तसं. "काळं न्हाई दिसत गं. काय दिसतच न्हाई. मासा मधनंच उगवतो, आन मधनंच जातो."

काकू रिक्षातून आधी उतरल्या. घरी आल्या, त्यांनी पदर खोचला आणि मोरीतून हिरवा पाइप ओढत हॉलमध्ये आणला. काका स्टुलावर बसले. त्यांनी अडवलं नाही. टाकीकडे पाठ करून बसले, एवढंच.

मी आयुष्यात मोठ्या माणसांच्या मध्ये कधी बोलले नव्हते. तेव्हाही मोठ्याने बोलले नाही. मी म्हटलं, "काकू, मी बघीन."

"काय बगशील?"

"सगळं. हजेरी, मीठ, झाकण. मला येतं."

"आन तू गेलीस म्हंजे? तू काय हितं जल्मभर ऱ्हानार हाईस?"

"नाही," मी म्हटलं. "पण आहे तोवर."

काकूंनी पाइप हातात धरून काकांच्या पाठीकडे बराच वेळ बघितलं. मग पाइप गुंडाळायला लागल्या. "मंग ज्या दिशी तुला न्हाई जमलं," त्या म्हणाल्या, आणि पुढचं बोलायची गरज नव्हती. लग्नातल्याला त्यांनीच अंगणात जास्वंदीखाली पुरलं. हात लावणार नाही म्हणाल्या होत्या, पण त्याला कागदात गुंडाळलं त्यांनीच.

खरं सांगायचं राहिलंच होतं. ते मी आठवड्याने सांगितलं, हजेरीनंतर, काकू बाहेर गेल्या होत्या तेव्हा. म्हटलं, काका, ती मादी नव्हती हे मला पिशवीतच दिसलं होतं.

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांनी नीट ऐकलं नाही.

"डब्याजवळ तीनदा थांबली व्हतीस. मंगळवारी, बुधवारी, आन सोडायच्या दिशी. दिसत न्हाई, पर पाय ऐकू येत्यात की. नुसतं मासा बगायला थांबलेलं मानूस येगळं, आन काय तरी गिळायला थांबलेलं येगळं."

"मग विचारलं का नाही?"

त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, परत खिशात ठेवला.

"इचारलं असतं तर मला दिसत न्हाई हे सांगावं लागलं असतं. म्हनलं, ही बोलंल. तू म्हनलीस, हे बगतील. आन त्यो गेला बिचारा मधल्या मधी."

एवढंच. ना त्यांनी मला माफ केलं, ना दोष दिला. मग विचारलं, जांभळ्याच्या माद्या आज दोन म्हणालीस का तीन. मी परत मोजल्या. दोन.

त्या खोलीत मी आणखी दीड वर्ष राहिले. नव्या नराला काकांनी नाव दिलं नाही, पण त्याला दुकानदाराकडे परतही पाठवलं नाही. चूक त्याची नव्हती, म्हणाले. त्याचा पर वाढला, रंग चढला, आणि एक दिवस तोही स्टुलासमोर येऊन आडवा उभा राहायला लागला. काका नाक काचेला लावून बसायचे, मधल्या तेवढ्याशा जागेत तो उगवायची वाट बघत. मी मागून सांगायचे, डावीकडून येतोय.

पावसाळा संपता संपता त्याच्यासाठी मादी मागवायची ठरली. पिशवी आली. काकांनी ती खिडकीपाशी नेली, आणि मग स्वतः न बघता माझ्यासमोर धरली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"शेपूट?"

"मधला काटा थोडा बाहेर."

"पाठीचा पर?"

"पुढचं टोक लांब आहे. थोडंसं."

"ठिपका?"

मी पिशवीच्या अगदी जवळ गेले. ठिपका होता. नव्हता असं कुणी म्हणू शकलं नसतं. पण कडा पुसट होत्या. माझे तळहात ओले झाले.

"काका, नापास."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. फोन लावला आणि दुकानदाराला म्हणाले, मासा परत घेऊन जा, आमच्या बाईंनी नापास केलाय. फोनच्या त्या बाजूने दुकानदार मोठमोठ्याने बोलत होता, सगळं मला ऐकू येत होतं: अहो काका, रंग बघा ना, रंग सरळ सरळ मादीचा आहे.

काकांनी फोन कानापासून थोडा दूर धरला.

"रंग," ते म्हणाले, "हितं कोन बगतंय?"